आष्टीचे नियाझी

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं बरीच. २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथे पडले ती आष्टी सोलापूरकडची. बीड जिल्ह्यात तालुक्याची एक आष्टी आहे, गडचिरोलीत वैनगंगेच्या काठी आणखी एक. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या उतरत्या टेकड्यांत जी आष्टी आहे तिला विदर्भात ‘शहीद आष्टी’ म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी इथल्या पोलिस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला, माणसं मेली. चिमूरचा उठावही त्याच दिवसाचा, आणि दोन्हीकडची गावं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच जागी झालेली. आष्टीची ही ओळख सार्थ आहे आणि तिच्याविषयी लिहिलंही पुष्कळ गेलं आहे.

याच गावात एका आवारात मोगल धाटणीचे दोन मकबरे शेजारी शेजारी उभे आहेत. एक मोठा, दुसरा त्याहून लहान आणि कामातही काहीसा कमी. मोठ्यात १६२७ च्या सुमारास वारलेला मुहम्मद खान नियाझी आहे, लहानात १६५१ साली गेलेला त्याचा मुलगा अहमद खान. मोठा मकबरा उठला तेव्हा नागपूर शहर वसलं नव्हतं आणि रघूजी भोसल्यांचं राज्य यायला अजून शंभर वर्षं होती. दिल्लीत किंवा बऱ्हाणपुरात अशी इमारत दिसली तर तिच्यापुढे कुणी फारसं थबकणार नाही. तिथे पावलोपावली त्याच आहेत. आष्टीत मात्र प्रश्न पडतोच. मोगल साम्राज्याच्या अगदी कडेला, गोंड राजांच्या सीमेवर, एका अफगाण सरदाराने मरणानंतरही इथेच राहायचं का ठरवलं असावं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मोगलांच्या कारभारात सरदाराने एका जागी मुळं धरणं अपेक्षितच नव्हतं. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ठरलेल्या परगण्यांचा सारा वसूल करायचा, त्यातून स्वतःचा आणि घोडेस्वारांचा खर्च भागवायचा, एवढाच तो हक्क. आज वऱ्हाडात असलेली जहागीर तीन-चार वर्षांनी माळव्यात किंवा बंगालमध्ये बदलून मिळे. बादशहाला हेच हवं होतं. एकाच ठिकाणी फार दिवस राहिलेला सरदार डोईजड होतो हा अनुभव होता. रजपूत राजांची वतनं हा या रीतीला असलेला मोठा अपवाद. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच वैद्य बर्निए याने या फिरत्या जहागिरींवर कडक टीका केली आहे. उद्या जे आपल्याकडे राहणार नाही त्याच्या विहिरी आणि पाट दुरुस्त करण्यात कुणाला रस असेल, हा त्याचा मुद्दा. आष्टीत याच्या उलट घडलं. जहागीरदार आला, राहिला, त्याने ओसाड रान लागवडीखाली आणलं, गाव पुन्हा उभं केलं, दुसरं नवं वसवलं आणि त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदलं. पुस्तकी अर्थाने हे राज्य नव्हतं. नाणं नाही, तख्त नाही, खुतब्यात नाव नाही. तरीही आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव एवढ्या पट्ट्यातल्या रयतेला सरकार म्हणून दिसत होतं ते आष्टीतलं नवाबाचं घर.

हा मुलूख कसा होता ते पाहिलं पाहिजे. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्यापलीकडे वऱ्हाड. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या माथ्यावर बैतूलजवळ खेरला. पूर्वेला गोंडांचं देवगड, दक्षिणेला गोंडांचंच चांदा. नदीकाठची जमीन काळी आणि कसदार. आष्टी-कारंज्याकडे वर चढत जावं तशी ती हलकी आणि मुरमाड होत जाते आणि टेकड्यांवर गवत माजतं. गवळाऊ जातीची पांढरी, चपळ गुरं याच पट्ट्यातली. आर्वी-आष्टी-कारंज्याच्या गवताळ रानांवर गवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. अशा भूमीवर सैन्यं येत आणि जात. वसती टिकवून धरणं अवघड होतं.

सत्ता तर सतत बदलत राहिली. वाकाटक काळात पवनारच्या परिसरात प्रवरपूर होतं असं काही संशोधक मानतात. तसं असेल तर आज जिथे विनोबांचा आश्रम आहे तिथल्या धाम नदीने एक राजधानी पाहिली होती. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीस खेरल्याचा राजा नरसिंगराय बहमनी सुलतानाशी भिडला आणि हरला. १४३३ च्या सुमारास माळव्याच्या होशंगशहाने खेरल्याचं राज्य संपवलं. बहमनी फुटल्यावर एलिचपूरची इमादशाही आली. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशहाने गिळली, आणि १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड मोगलांना सोडून दिलं. सव्वाशे वर्षांहून कमी काळात या परगण्यांच्या वहीवर चार दरबारांचे शिक्के पडले.

अबुल फझलने ‘आइने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद केली तेव्हा मुलूख नुकताच हाती आला होता. त्यात पवनार हे एका सरकारचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठाणं आहे. उंचवट्यावरचा भक्कम किल्ला, तीन बाजूंनी पाण्याचा वेढा, असं त्याचं वर्णन येतं. खेरल्याच्या नोंदीत पूर्वेकडच्या जाटबा नावाच्या गोंड जमीनदाराचा उल्लेख आहे: दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभराहून अधिक हत्ती. देवगडच्या गोंड घराण्याचा हाच तो कर्ता पुरुष. आकडे फुगवलेले असतील. पण मोगल कारकुनाच्या मनात पूर्वेकडच्या रानाविषयी किती धास्ती होती ते त्यांतून कळतं. आष्टी ही त्या धास्तीच्या वाटेवरची जागा. असा परगणा आरामात सारा खाण्यासाठी कुणी मागत नाही. तो लढवय्यालाच दिला जातो.

मुहम्मद खान तसाच होता.

नियाझी ही सिंधू नदीच्या पश्चिमेकडून आलेली पठाणांची एक जमात. सूर सुलतानांच्या काळात तिचं नशीब उघडलं. शेरशहाचा सरदार इसा खान नियाझी याचा अष्टकोनी मकबरा दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात आजही पर्यटकांना दिसतो. तो हुमायूनच्या मकबऱ्याहूनही आधीचा, १५४७ चा. याच जमातीचा हैबत खान नियाझी शेरशहाच्या वतीने पंजाबचा कारभारी होता. शेरशहाचा मुलगा इस्लामशहा गादीवर आल्यावर हैबत खानाने बंड केलं आणि त्यात नियाझींची पुरती वाताहत झाली. मोगल परत आले तेव्हा या जमातीजवळ राजकीय वजन राहिलं नव्हतं, आणि अफगाण म्हटला की मोगल दरबारात त्याच्याकडे संशयानेच पाहिलं जाई. अशा माणसाला वर यायला तलवारीवाचून दुसरा मार्ग नव्हता.

मुहम्मद खान प्रथम चमकला तो बंगालमध्ये. अकबराचा सेनापती शाहबाज खान कंबू याच्या हाताखाली ब्रह्मपुत्रेच्या काठी झालेल्या लढायांत त्याने नाव मिळवलं. हा माणूस आपल्याकडून जाऊ नये म्हणून शाहबाज खान त्याला वर्षाला एक लाख रुपये देई असं सांगतात. अकबराच्या मनसबदारांच्या यादीत तो पाचशेच्या मनसबीवर आहे, म्हणजे मधल्या फळीतला. त्याचं खरं नशीब बदललं सिंधमध्ये. १५९० ते १५९२ या काळात अब्दुर्रहीम खानखानान ठठ्ठ्याच्या मिर्झा जानी बेगवर चालून गेला. लखीजवळच्या निर्णायक लढाईत शत्रूचं बळ जास्त असताना मुहम्मद खानाने विजय खेचून आणला आणि सिंध अकबराच्या पदरात पडला. तेव्हापासून खानखानान त्याचा मित्र झाला.

ही मैत्री म्हणजेच आष्टीची पूर्वपीठिका. खानखानान हा बैरामखानाचा मुलगा, हिंदीत दोहे रचणारा तोच रहीम. पुढची तीस वर्षं मोगलांचं दख्खन धोरण बहुतांशी त्याच्याभोवती फिरलं. १५९७ मध्ये गोदावरीकाठी पाथरीच्या मुलखात त्याने विजापूरच्या सुहैल खानाला हरवलं. बऱ्हाणपुरात त्याचा तळ होता. त्याचा मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये वारला, त्याचा देखणा मकबरा तिथेच आहे. दिल्लीत त्याने १५९८ मध्ये बायकोसाठी बांधलेल्या मकबऱ्यात पुढे तो स्वतःही विसावला. आष्टीसारख्या आडवळणी गावात मोगल वास्तुकलेची जाण कुठून आली याचं उत्तर या वर्तुळात शोधावं लागतं. नियाझी ज्यांच्याबरोबर लढले, जेवले आणि छावण्यांत राहिले ती माणसं बांधकामाची शौकीन होती. दगडी मकबरा हा त्यांच्या जगात मानाचा भाग होता.

जहांगिराच्या कारकिर्दीत मुहम्मद खानाची मनसब दोन हजारांवर गेली. बादशहाने त्याला आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगावचे परगणे दिले. तो काळ मलिक अंबरचा. अहमदनगरची निजामशाही बुडाली असं मोगलांनी धरलं होतं, आणि हा हबशी वजीर मराठी बारगिरांच्या पथकांनी त्यांची रसद तोडत होता, छावण्या उधळत होता. १६१६ मध्ये शाहनवाज खानाने अंबरला रोशनगावजवळ हरवून त्याचं खडकी शहर जाळलं. १६२० च्या सुमारास अंबरने मोगलांना मागे रेटत बऱ्हाणपूरपर्यंत नेलं. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल-आदिलशाही फौजेचा धुव्वा उडवला. मुहम्मद खान या युद्धांत होता. वर्षातले किती महिने त्याला आष्टीत राहायला मिळत असतील याची कल्पना करता येते. तरीही घर त्याने आष्टीलाच केलं.

आणि फक्त घर केलं नाही. गोंडांच्या ताब्यातून हा भाग घेऊन नियाझीने गाव पुन्हा उभं केलं आणि भोवतालचा मुलूख लागवडीखाली आणला, अशी माहिती इंग्रज अमदानीच्या आरंभी जिल्ह्यात नोंदवली गेली. या एका वाक्यामागे केवढी उस्तवार असेल! दख्खनेत पडीक जमीन उठवायची रीत ठरलेली होती. जहागीरदार कौल देई: या, घरं बांधा, नांगर धरा, पहिली वर्षं सारा नावापुरता. मग दर वर्षी सारा थोडा थोडा वाढत पूर्ण दरावर येई. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. कुणबी आपल्या बैलांनिशी यायचा तर त्याला विश्वास हवा की दिलेला शब्द चौथ्या वर्षीही पाळला जाईल. दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या जहागीरदाराचा शब्द चौथ्या वर्षी कोण पाळणार? म्हणून आष्टीत जमीन वहितीला येणं आणि नवाब तिथेच टिकून राहणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. नियाझींची खरी ताकद इथे होती. त्यांनी रयतेला दिलेला कौल खरा करण्याइतका काळ ते जागेवर राहिले.

यात दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘गोंडांच्या ताब्यातून’ हे शब्द सरळ वाचले तर कुणाची तरी रानं, चराई आणि पाणवठे गेले असा त्यांचा अर्थ होतो. नवाबाने गावात मुसलमान वस्ती आणून भरली, कुणब्यांनी शेतं उठवली, आणि ज्यांचा मुलूख होता ते टेकड्यांकडे सरकले. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात ‘वसवलं’ हे क्रियापद वारंवार येतं. ते वाचताना आधी तिथे कोण होतं हेही विचारलं पाहिजे.

मुहम्मद खान धार्मिक वृत्तीचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या मृत्यूचं साल फारसी पद्धतीने एका वाक्यात गोवलेलं आहे. अबजद रीतीत प्रत्येक अक्षराला अंक असतो. चार शब्दांच्या त्या वाक्याचा आशय ‘मुहम्मद खान औलिया होऊन मेला’ असा. ९२, ६५१, ४८ आणि २४६ अशी त्या शब्दांची बेरीज १०३७ येते, आणि १०३७ हिजरी म्हणजे १६२७-२८. दरबारात असे कालश्लेष पुष्कळ रचले जात. पण सैनिकाच्या मरणवर्षात ‘औलिया’ शब्द बसवणं हे त्याच्याविषयीच्या भावनेचंही माप आहे. त्या भावनेला या जिल्ह्यात जमीनही अनुकूल होती. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे, तिथे हिंदू आणि मुसलमान सारखेच जातात. आर्वी वसवणाऱ्या तेलंगरावाला तर दोन्ही समाज आपलाच मानत आले. त्यामुळे आर्वीला ‘तेलंगरावाची आर्वी’ असंही नाव होतं.

एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. मलिक अंबर मे १६२६ मध्ये गेला. खानखानान १६२७ मध्ये. जहांगीर ऑक्टोबर १६२७ मध्ये. नियाझीही त्याच सुमारास. दख्खनच्या युद्धांची एक अख्खी पिढी दीड-दोन वर्षांत संपली आणि मुलांच्या हाती वेगळंच जग आलं.

अहमद खानाच्या वाट्याला पहिल्याच वर्षांत १६३०-३२ चा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात त्यात होरपळून निघाले. शहाजहानच्या दरबारी इतिहासकारालाही माणसांनी काय काय खाल्लं ते लपवता आलं नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली आणि शहाजीराजे विजापूरकडे गेले. पाठोपाठ १६३७ मध्ये मोगल सेनापती खान दौरान फौज घेऊन थेट देवगडच्या गोंडांवर गेला, नागपूरच्या किल्ल्याला त्याने वेढा घातला आणि त्यांचा राजा कोकशहा याच्याकडून खंडणी कबूल करून घेतली. मोगल सरहद्द अशी पूर्वेकडे सरकली. आष्टीला याचा दिलासा मिळाला असणार. पण त्यातच पुढच्या घसरणीचं बीजही होतं. सीमेवरच्या सरदाराला दरबारात किंमत असते ती सीमा असेपर्यंत.

अहमद खानाने तरीही डोलारा सांभाळला. १०६१ हिजरीत, म्हणजे १६५१ मध्ये, तो वारला आणि बापाशेजारीच त्याचा मकबरा उठला. तो बापाच्या मकबऱ्याहून लहान का, याला मुलाचा विनय हे कारण देता येईल. घटलेली ऐपत हे कारण अधिक पटणारं आहे. दोन इमारतींमधल्या चोवीस वर्षांत या घराण्याची कमान उतरायला लागली होती.

औरंगजेबाच्या उत्तरार्धात मग सगळंच विसकटलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद १६८६ च्या सुमारास मुसलमान झाला, बादशहाच्या मर्जीने गादीवर बसला, पुढे त्याच बादशहाशी बिनसल्यावर त्याने वऱ्हाडात लूटमार केली. नागपूर शहराची स्थापनाही त्याचीच, १७०२ मधली. दुसरीकडून मराठ्यांची पथकं वऱ्हाडात शिरत होती. कान्होजी भोसल्यांनी यवतमाळकडच्या भाम इथे ठाणं करून वऱ्हाड-गोंडवनातून चौथ गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर रघूजी आले आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर देवगडचं राज्यच नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेलं. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुअंमली कारभार सुरू झाला. एकाच गावाच्या खळ्यावर दोन सरकारांचे शिपाई उभे राहू लागले. अशा दिवसांत पन्नास-शंभर घोड्यांच्या नवाबाला कोण विचारणार? आष्टी नियाझींच्या हातून मराठ्यांकडे गेली. मोठी लढाई नाही, शरणागतीचा तह नाही. जहागीर पाझरत पाझरत संपली.

ही उतरण एका जाणकाराने जवळून पाहिली होती. ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल सरदारांचा मोठा चरित्रकोश लिहिणारा शाहनवाज खान (खानखानानाच्या मुलाहून वेगळा) हा निजामाच्या चाकरीतला. तो वऱ्हाडचा दिवाण होता. मुहम्मद खानाचं चरित्र लिहिताना तो आष्टीकडे वळतो, त्याच्या वंशजांनी गाव कसं सजवलं ते सांगतो, आणि मग आपल्या काळात हा सगळा भाग ओसाड झाल्याची नोंद करतो. घराण्यात पुढे कुणी नावारूपाला आलं नाही, असंही लिहितो. हे दिल्लीत बसून ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही. ज्याने वऱ्हाडच्या वसुलाच्या वह्या स्वतः तपासल्या त्याचं ते मत आहे. खुद्द शाहनवाज खानाचा शेवटही दख्खनच्या याच अंदाधुंदीत झाला. १७५८ मध्ये औरंगाबादेत त्याचा खून झाला, घर लुटलं गेलं, आणि कोशाची विखुरलेली हस्तलिखितं त्याचा मित्र आझाद बिलग्रामी याने शोधून गोळा केली. त्याच्या चिकाटीमुळे आष्टीची ती नोंद वाचली.

पुढचं शतक भोसल्यांचं आणि पेंढाऱ्यांचं. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तेव्हा पूर्वेकाठची आष्टी पुन्हा एकदा सरहद्दीवर आली. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला गेला, आणि कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती ती १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्यात आणून तिथे वर्धा शहर आखलं गेलं. जिल्हा नवा, साहेब नवे. जमिनीची मोजणी आणि साऱ्याची ठरावणी करायची तर प्रत्येक गावाचा इतिहास विचारावा लागे. रिव्हेट-कार्नॅक हा सेटलमेंट अधिकारी आष्टीला गेला तेव्हा नियाझींजवळ उरली होती थोडी इनाम शेतं, जेमतेम पोटापुरती. गावात त्यांना मान होता, पैसा नव्हता. पूर्वजांचे मकबरे ढासळू लागले होते आणि दुरुस्ती घराण्याच्या आवाक्याबाहेरची होती. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ती हाती घेतली आणि गावच्या फंडातून दोन्ही इमारती सावरल्या. इतक्या आडबाजूला असं काम पाहून तो अधिकारी चकित झाला हे त्याच्या अहवालातून उतरलेल्या मजकुरात स्पष्ट दिसतं. घराण्यातले नवाब वाहिद खान यांना सरकारने ऑनररी मॅजिस्ट्रेटचे अधिकार दिले. चार परगण्यांची सत्ता गाजवलेल्या घराण्याला सरकारकडून मिळालेला तो अखेरचा हुद्दा म्हणून वाचला तर मन खिन्न होतं. पण गावाने या लोकांना दोनशे वर्षांच्या पडत्या काळातही मान दिला, ही त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. सत्ता गेल्यावर आदर उरतो तो फार थोड्या जहागीरदारांच्या वाट्याला येतो.

ही माहिती जगापुढे आली ती जवळजवळ एका तळटीपेतून. ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला हाइनरिख ब्लॉखमन कलकत्त्याच्या मदरशात शिकवत असे. ‘आइने अकबरी’च्या पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर त्याने १८७३ मध्ये पुरं केलं आणि अकबराच्या प्रत्येक मनसबदाराचं चरित्र जमेल तिथून जुळवून त्याला जोडलं. मुहम्मद खानापाशी आल्यावर त्याने एकीकडे ‘मआसिर’ घेतलं, दुसरीकडे वर्ध्याचा सेटलमेंट अहवाल. फारसी कोशातला ओसाड मुलूख आणि इंग्रज अहवालातली पोटापुरती इनामं तिथे पहिल्यांदा एका पानावर आली. तेव्हापासून आष्टीच्या नियाझींवर जे जे लिहिलं गेलं त्याचा कणा तोच आहे. मराठीत मात्र त्यांच्या वाट्याला गॅझेटियरमधल्या चार ओळींपलीकडे फारसं काही आलं नाही. वर्धा म्हटलं की सेवाग्राम आणि पवनार येणारच, यावेत. पण पवनारला विनोबांआधी गोंड, बहमनी, मोगल आणि भोसले या सगळ्यांनी ठाणी केली होती, आणि त्यांतला एक धनी आष्टीत पुरलेला आहे, हे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवं. तुकडा तुकडा जोडून असा इतिहास लिहायचा तर सारावह्या, इनामांच्या सनदा आणि घराघरांतले मोडी-फारसी कागद पाहावे लागतील.

आष्टी तालुक्याचं गाव आहे. भोवतालच्या शेतांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि पश्चिमेला वर्धा नदीवर सिंभोऱ्याला झालेल्या अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याने जुन्या नदीकाठचा बराच भाग व्यापला आहे. नागपूर-अमरावती महामार्ग आष्टीला बगल देऊन जातो. तो जातो नियाझींच्या जुन्या परगण्यातल्या तळेगावावरून, आणि त्याआधी कारंज्यावरून. या कारंज्याला कारंजा (घाडगे) म्हणतात, वाशीमकडच्या कारंजा (लाड) पासून वेगळं ओळखू यावं म्हणून. सेटलमेंट अहवालात त्याच्याविषयी एकच ओळ आहे: जकातीचं हे छोटं बाजारगाव नवाब मुहम्मद खान नियाझीने वसवलं. आज ते स्वतंत्र तालुक्याचं ठिकाण आहे.